व्हाइट हाउसचा मटका

आपल्यातल्या शिकल्यासवरल्या पोरांना अमेरिकेचा आकडा लावायची चटक लागलीय. ७ नोव्हेंबर २०२८ ला तिथं अध्यक्ष निवडायचा आहे आणि आमचे गडी अभ्यासिकेत बसून आत्तापासून ओपन कुणाचा, क्लोज कुणाचा ते सांगतायत. व्हान्स येणार. नाही, न्यूसम येणार. मी म्हणतो, लावा आकडा. पण ही पाटी कुणाच्या पाठीवर मांडलीय ते तरी बघा की लेको.

आधी सरळ हिशेब. ट्रम्पला तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही, घटनेची बाविसावी दुरुस्ती आड येते. २०१६, २०२०, २०२४, तिन्ही वेळा गादीवरचा पक्ष पडला. त्या न्यायानं पारडं डेमोक्रॅटांकडं झुकतं. पण तिथं मतं जास्त म्हणजे राज्य आपलं, असं नाही. २०१६ ला हिलरी क्लिंटनला अठ्ठावीस लाखांवर मतं जास्त पडली आणि गादीवर ट्रम्प बसला. ५३८ निर्वाचकांपैकी २७० ज्याचे, त्याचं राज्य. २०२४ ला पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अॅरिझोना, नेव्हाडा ही सातही राज्यं ट्रम्पनं उचलली. त्यांचे निर्वाचक ९३. सारा मटका या सात घरांत.

ही निर्वाचकांची भानगड आली कुठून? १७८७ ला घटना लिहिताना दक्षिणेतले गुलामांचे मालक अडून बसले की आमचे गुलामही मोजा. मत द्यायला नव्हे, मालकाचं वजन वाढवायला. तोडगा निघाला : पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. त्या हिशेबानं दक्षिणेला जादा प्रतिनिधी, आणि प्रतिनिधींवरून जादा निर्वाचक. डोकं काळ्याचं, मत मालकाचं. पुढं गुलामी गेली, निर्वाचक राहिले. पंडित लोक टीव्हीवर नकाशे रंगवतात, हे सांगत नाहीत.

आता दोन पक्षांचं बघा. १९६४ पासून काळा माणूस डेमोक्रॅटांना मत देत आलाय. २०२४ लाही दहांतले आठांहून जास्त त्यांच्याकडंच गेले. त्याच १९६४ मध्ये त्या पक्षानं त्याला काय दिलं? मिसिसिपीची फॅनी लू हेमर. मळ्यावर राबणारी बाई. १९६२ ला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून मालकानं हाकलली, १९६३ ला तुरुंगात घालून मारली. ती आपल्या माणसांना घेऊन अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात गेली, म्हणाली, मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी आम्ही. ती टीव्हीवर बोलत असताना अध्यक्ष जॉन्सननं कॅमेरे खेचायला घाईघाईनं आपली पत्रकार परिषद बोलावली. मग पुढाऱ्यांनी दोन खुर्च्या पुढं सरकवल्या. दोन. आणि त्यांवर कोण बसणार तेही त्यांनीच ठरवलं. हेमरबाईचं नाव त्यात नव्हतं. बाईनं खुर्च्या लाथाडल्या. आपल्याकडं राखीव जागेवर आपलाच माणूस कोण उभा राहणार हे दुसऱ्याच्या वाड्यावर ठरतं, तेव्हा मला ही बाई आठवते. १९८८ ला जेसी जॅक्सननं पक्षाच्या चाचणी निवडणुकांत सुमारे सत्तर लाख मतं मिळवली. उपाध्यक्षपदाची उमेदवारी कुणाला? टेक्सासच्या गोऱ्या बेन्टसेनला.

आमचा एक साथी म्हणतो, काळ्यांनी मतं दोन्हीकडं वाटावीत, मग भाव येईल. बरं. २०२४ ला काही काळी पोरं ट्रम्पकडं गेलीच. भाव काय आला? सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांनी वंशभेद करू नये, वंचितांना वाव द्यावा, असा १९६५ चा जॉन्सनचा हुकूम होता. गादीवर बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारी २०२५ ला, ट्रम्पनं तो फाडून टाकला. एकाच्या खिशात मत आहे म्हणून तो देत नाही. दुसऱ्याला ते नकोच असतं, म्हणून तो रांगच मोडतो.

रांग मोडतो म्हणजे कसं? २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचे दात काढले. २०२० ला जॉर्जियात बायडन ११,७७९ मतांनी जिंकला आणि २०२१ ला तिथल्या रिपब्लिकनांनी कायदा केला : मतदान केंद्राच्या दीडशे फुटांत रांगेतल्या माणसाच्या हातात पाण्याची बाटली दिली तर गुन्हा! काळ्या वस्तीत रांगा तासन्‌तास चालतात, हे का त्यांना ठाऊक नव्हतं? पाणी कुणी कुणाला द्यायचं याचा कायदा. महाडची वारी करणाऱ्यांना मी याहून जास्त काय सांगू?

म्हणून माझा अंदाज असा. डेमोक्रॅट अर्धं पाऊल पुढं आहेत, पण ते पाऊल डेट्रॉइट, मिलवॉकी, फिलाडेल्फियाच्या काळ्या मोहल्ल्यांतून टाकावं लागतं. २०१६ ला तिथला माणूस घरीच बसला. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार मतांत राज्य गेलं. पंडितांनी त्याला आळशी म्हटलं. आळशी? आठ वर्षं आपल्या रंगाचा अध्यक्ष बघून झाला, गल्ली तशीच राहिली, मग तो कशाला उठेल? भाकरी दाखवायची नाही आणि वर म्हणायचं, चल, त्या दुसऱ्या लांडग्याला भी. भीतीवर एकदा मत मिळतं, दोनदा मिळतं. २०२४ ला पुरलं नाही.

आता आपला संबंध. १९७२ ला पँथर हे नाव आपण ओकलंडच्या काळ्या पोरांकडून घेतलं. १९४६ ला बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं ते मैत्री म्हणून नव्हे, काम म्हणून. त्या नात्यानं ऐका. कॅलिफोर्नियात जात सात समुद्र ओलांडून पोचलीय, तिथल्या आपल्या माणसांनी झगडून जातिभेदाविरुद्धचं विधेयक दोन्ही सभागृहांतून पास करून घेतलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला तेव्हाचा गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यानं ते नाकारलं. म्हणे, आधीचे कायदे पुरेत. हे वाक्य आपण इथं किती तोंडांतून ऐकलंय! पैसेवाल्या सवर्णांनी तिथं केवढा धिंगाणा घातला होता हे त्याला दिसत होतं.

आणि आमची पोरं त्याच न्यूसमवर पैज लावतायत, केवळ तो ट्रम्पला टोमणे मारतो म्हणून. तो २०२८ ला उभा राहिला तर पेनसिल्व्हेनिया कुणाचं हे विचारणारे हजार निघतील. ७ ऑक्टोबरच्या त्या सहीबद्दल भर सभेत उठून कोण विचारतो, तिथल्या आपल्या पोरांतला की त्यांच्या शेजारचा काळा साथी, एवढंच मी बघणार आहे.