जुना पट आणि आमची सोयीची आठवण

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. पन्नाशी उलटलीय, पण फॉर्म्युला वनचं वेड अजून विशीतलं. रात्री जेवणं झाल्यावर त्याने मोबाईलवर मला एक आवाज ऐकवला. जुन्या गाडीच्या इंजिनाचा. २००५ पर्यंत या गाड्यांना दहा सिलिंडरचं, तीन लिटरचं इंजिन असायचं. मग आठ सिलिंडरचं आलं, आणि २०१४ पासून सहा सिलिंडरचं, जेमतेम १.६ लिटरचं, टर्बो आणि बॅटरीची जोड असलेलं. भाचा म्हणाला, "मामा, तेव्हा अंगावर काटा यायचा. आता शेजारी कुणी मिक्सर लावलाय असं वाटतं. रेसिंग २०१४ ला मेलं."

मला हसू आलं. कारण याच सालाबद्दल हेच वाक्य मी आमच्या चौकातल्या पानठेल्यावर कित्येक वर्षं ऐकतो आहे. फक्त आमच्या शर्यतीत इंजिन नसतं, बैल असतात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडा शर्यत म्हणतात तिचा आमच्या विदर्भातला भाऊ म्हणजे शंकरपट. धानाची मळणी आटोपली, संक्रांत जवळ आली की गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगावी पट भरायचे. हलका छकडा, दोन बैल, वर धुरकरी. दिवसा पट आणि रात्री मंडपात झाडीपट्टीचं नाटक. लेकी-जावई घरी यायचे, पाहुण्यांनी ओसरी भरायची, आणि त्या गर्दीत दोन-चार सोयरिकी जुळून जायच्या. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. पट पुन्हा सुरू झाले.

आता आमच्या वयाच्या मंडळींनी खूश व्हायला हवं होतं की नाही? छे! पानठेल्यावर नवीन रडगाणं सुरू. "आता पट रायला का गुरुजी? पट त आमच्या टायमाले होता!" काय होतं बुवा तुमच्या टायमाला? तर म्हणे, तेव्हा बैल खरे होते, माणसं खरी होती, धुरकरी वाघ होते. आताचा पट म्हणजे कागदांचा खेळ. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी, वर कॅमेरा. हातात काठी नाही, तुतारी नाही. मग शर्यत कसली?

(पुण्याच्या भाच्यासाठी खुलासा: ही तुतारी वाजवायची नव्हे. टोकाला खिळा बसवलेली काठी. त्या खिळ्याला आर म्हणतात आणि ती बैलाच्या पुठ्ठ्यात टोचतात.)

मी स्वतः याच वयाचा, याच मातीचा, आणि पट पाहतच वाढलो. तरी स्पष्ट सांगतो, हे रडगाणं मला आता ऐकवत नाही.

त्यात खरं काहीच नाही असं माझं म्हणणं नाही. पूर्वी पटाचा बैल हा नांगराचाही बैल होता. चिखलणी त्याचीच, धानाची गाडी त्याचीच, आणि वर्षातून दोन-तीन वेळा मैदानातली धावही त्याचीच. आपला रोजचा गडी गावासमोर धावतो आहे, यात जो जीव गुंतायचा तो आता नाही. चिखलणी ट्रॅक्टर करतो. पटाचा बैल फक्त पटाचा, त्याची किंमत लाखांत, आणि तो कुणाच्या दावणीचा हे बघणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नसतं. ही हळहळ मला समजते. पण मग ट्रॅक्टरबद्दल रडा ना! ट्रॅक्टर तुम्हीच घेतला, हप्ते तुम्हीच फेडले. न्यायालयाने आणला नाही.

आणि तो सोन्याचा काळ किती सोन्याचा होता? प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये हा कायदा १९६० चा आहे. म्हणजे मी चड्डीत होतो तेव्हाही तो होता. आम्ही तो गावाच्या वेशीबाहेर ठेवला होता, इतकंच. आर टोचणं, शेपटी पिरगाळणं, शेपटीला दातांनी चावणं हे सगळं भर दिवसा चालायचं आणि लोक त्यावर शिट्ट्या मारायचे. २०१४ ची बंदी आभाळातून पडली नाही. ती आपण पन्नास वर्षं हातांनी ओढून आणली. आणि ज्यांनी ओढली तेच आज म्हणतात, बाहेरच्यांनी आमचा पट मारला.

भाच्यालाही मी हेच विचारलं. त्या दहा सिलिंडरच्या आधीचा काळ, ज्याची त्याच्याहून जुनी मंडळी आठवण काढतात, त्याचा हिशोब काय? बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं. १९७० चा जगज्जेता योखेन रिंट. तो इटलीत सरावात मेला, आणि विजेतेपद त्याच्या मृत्यूनंतर जाहीर झालं. १९६६ मध्ये बेल्जियमला जॅकी स्ट्युअर्ट मोडक्या गाडीत पेट्रोलने भिजत अडकून पडला. त्यानंतर त्याने सुरक्षेसाठी आवाज उठवला तर लोकांनी त्याला भित्रा म्हटलं. १९९४ ला इमोला इथे शनिवारी रॅट्झेनबर्गर गेला आणि रविवारी सेना. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्याभोवती 'हेलो' नावाची मजबूत कमान बसवली तेव्हा जुने शौकीन म्हणाले, गाडी कुरूप झाली, मर्दानगी गेली. विरोध करणाऱ्यांत रोमेन ग्रोजाँ नावाचा चालकही होता. २०२० च्या नोव्हेंबरात बहारीनला त्याची गाडी कठड्यावर आदळून दुभंगली, पेटली, आणि तो आगीतून चालत बाहेर आला. नंतर त्यानेच कबूल केलं की त्या कमानीमुळे वाचलो.

निदान तो चालक होता, त्याला कबूल तरी करता आलं! बैलाने कुठे जाऊन कबूल करायचं?

आता माझंही सांगतो, नाहीतर हा सगळा शहाणपणा दुसऱ्यांसाठीच व्हायचा.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या बाबांची जोडी पटात पहिली आली होती. हिऱ्या आणि चांद्या. बक्षीस म्हणून पितळेचा गुंड मिळाला. गुलाल, डफडं, बाबांच्या डोक्याला फेटा. ही गोष्ट मी नोकरीत असताना दरवर्षी सातवीच्या वर्गाला सांगितली. 'माझ्या गावचा उत्सव' हा निबंध आला की पोरंच म्हणायची, गुरुजी, हिऱ्या-चांद्याचं सांगा. मी हात हलवून हलवून सांगायचो, आणि गुंडापाशी थांबायचो.

त्या रात्री सगळे नाटकाला गेले होते. मी झोपेला आलो म्हणून आधी घरी परतलो, तर गोठ्यात कंदील. आई हिऱ्याच्या पुठ्ठ्याला हळद-तेल लावत होती. पुठ्ठा सुजून वर आला होता आणि त्यात भोकं होती. मी मोजली होती, अकरा. शेपटी मध्येच वाकडी. तो बसत नव्हता. आई मला म्हणाली, "कंदील धर." इतकंच. मी धरला. हिऱ्या पुढे बरेच दिवस त्या कुशीवर बसला नाही आणि त्या साली उन्हाळी वाहीला बाबांनी दुसऱ्याचा बैल मागून आणला. गुंड मात्र घरात पाण्याला लागला, माझ्या लग्नापर्यंत होता.

हे मी वर्गात एकदाही सांगितलं नाही. लपवलं असंही म्हणता येत नाही. माझ्या आठवणीतून गोठा निघून गेला होता आणि गुलाल राहिला होता. भाच्याने ते इंजिन ऐकवलं त्या रात्री मला झोप लागेना, तेव्हा तो कंदील आठवला. साठ वर्षांनी!

म्हणून पानठेल्यावरच्या मित्रांना मी खोटारडे म्हणत नाही. पण तुमच्या मागे उभं राहून पोरं ऐकत असतात. 'आरेशिवाय पट कसला' हे तुम्ही म्हणता ते गप्पा म्हणून, आणि ती पोरं आर शर्टात लपवून मैदानात नेतात. पकडले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. कोण भरणार? तुम्ही? बरं, नवीन पटात बघण्यासारखं काहीच नाही असंही नाही. तिकडे अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बायका जोड्या हाकतात. माझ्या आईने आयुष्यभर पटाच्या पाहुण्यांच्या भाकरी थापल्या, मैदान तिने पाहिलं नाही. तिला तो पट दाखवायला मला आवडलं असतं.

आता ताजी बातमी. जवळच्या एका गावची पट समिती गेल्या आठवड्यात घरी आली होती. संक्रांतीनंतर पट आहे, उद्घाटनाला गुरुजींनी 'जुन्या पटाचं वैभव' यावर दहा मिनिटं बोलावं. मी म्हटलं, बोलतो, पण गुंडाबरोबर गोठाही सांगणार. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला मोठा म्हणाला, "विचारून सांगतो गुरुजी." चहा घेऊन गेले. अजून फोन आलेला नाही.