घरकुलाला मतदारसंघ नसतो

ग्रामीण घरकुलांचा केंद्रीय निधी कोणत्याही आमदाराच्या मतदारसंघाच्या नावे येत नाही. इंदिरा आवास योजनेत २००५-०६ पासून जिल्ह्याचा वाटा ठरविताना घरांच्या तुटवड्याला ७५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकसंख्येला २५ टक्के भार दिला जाई. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेतून निघालेली, ग्रामसभेने पडताळलेली यादी प्रमाण ठरली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये, तेही हप्त्यांनी थेट लाभार्थ्याच्या खात्यात. यात लोकप्रतिनिधीची कृपा नेमकी कोठे बसते? तरीही ‘आम्ही इतकी घरकुले आणली’ असे फलक चौकाचौकांत झळकतातच! (फलकाचा खर्च कोणी विचारत नाही.)

खरी मेख यादीत आहे. कुडाच्या भिंतींआड राहणाऱ्या एखाद्या विधवेचे नाव गणनेतच सुटले, तर जिल्ह्याला निधी कितीही येवो, तिच्या दारात वीट पडत नाही. अशा सुटलेल्यांसाठीच २०१८ पासून ‘आवास प्लस’ सर्वेक्षण हाती घ्यावे लागले. ही नावे ज्या ग्रामसभेत वाचली जातात, तेथे गावातील सुशिक्षित घरांतून किती जण येऊन बसतात?