फो खावा, सूप मात्र बेताने

व्हिएतनामची राजधानी हनोईत दिवस उजाडतो तो फोच्या वासाने. जुन्या वस्तीतल्या कोणत्याही गल्लीत सकाळी सहा-साडेसहाला पदपथावर बुटकी स्टुले मांडलेली असतात. कामावर निघालेले कारकून, गणवेशातली मुले, बाजार आटोपून परतणाऱ्या आजीबाई, सारेच वाडग्यावर वाकून खात असतात. वाडग्यात तांदळाच्या पांढऱ्या पट्ट्या, वर मांसाचे पातळ काप, चिरलेली कांद्याची पात आणि काठोकाठ वाफाळते सूप. आपल्याकडे याला 'फो' म्हणू लागले आहेत. तिथला उच्चार लांबवलेल्या 'फऽ'च्या जवळचा आहे आणि तोही प्रश्न विचारल्यासारखा सूर उचलून करायचा असतो.

अलीकडे हा पदार्थ भारतीयांच्याही परिचयाचा झाला आहे. २०२४ या एका वर्षात सुमारे पाच लाख भारतीय व्हिएतनामला जाऊन आले. मोठ्या शहरांतल्या उपाहारगृहांत फो मिळतो, दुकानांत तांदळाच्या नूडल्सची पाकिटे दिसतात. पदार्थाबरोबर त्याची ख्यातीही आली. तेल नाही, तळण नाही, हलका आणि पौष्टिक, वजन उतरवायचे असेल त्याने खुशाल खावा, असे एकजण सांगतो. पांढऱ्या तांदळाच्या नूडल्स म्हणजे मधुमेहाला आमंत्रण, असे दुसरा बजावतो. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण फोमधली खरी काळजीची गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटते. ती डोळ्यांना दिसतच नाही. त्या नितळ, सुगंधी सुपात ती विरघळलेली असते. ती गोष्ट म्हणजे मीठ.

एका वाडग्यात किती?

हिशेब सोपा आहे. कोणतेही सूप जिभेला बरे लागायचे तर त्यात शेकडा पाऊण ते एक भाग मीठ असावे लागते. फोच्या भरल्या वाडग्यात अर्ध्या लिटरच्या आसपास सूप असते. म्हणजे एकट्या सुपातून चार ते पाच ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी घालून दिलेली मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. सकाळी आठच्या आत दिवसभराचे मीठ संपले! दुपारचे आणि रात्रीचे जेवण अजून व्हायचेच आहे.

शिवाय टेबलावर फिश सॉसची बाटली असते ती वेगळीच. मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेले हे पाणी. तिकडे त्याला नुओक माम म्हणतात आणि व्हिएतनामी स्वयंपाकाचे त्यावाचून चालत नाही. त्याच्या एका छोट्या चमच्यात एक ग्रॅमहून जास्त मीठ असते. चव घेण्याआधीच बाटली उचलणारे हात तिकडेही आहेत, जसे आपल्याकडे पान वाढल्याबरोबर मिठाकडे जाणारे हात असतात.

गंमत अशी, की फो खारट लागत नाही. सुपात खडीसाखरेचा किंचित गोडवा असतो, हाडांतून उतरलेला चिकट दाटपणा असतो, आणि मसाल्यांचा वास मनाला गुंतवून ठेवतो. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धणे... ही यादी गोड्या मसाल्याची आठवण करून देणारी आहे. फरक इतकाच, की तिकडे मसाला कुटून घालत नाहीत. तो अख्खा भाजून पुरचुंडीत बांधतात, निखाऱ्यावर काळपट भाजलेल्या आल्या-कांद्याबरोबर सुपात सोडतात आणि शेवटी काढून टाकतात. एवढ्या आवरणाखाली मीठ लपून राहते.

हे सारे एखाद्या वेळी खाणाऱ्याला फारसे लागू नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा हॉटेलात फो खाणाऱ्याने सूप शेवटपर्यंत प्यायले म्हणून काही बिघडत नाही. पण ज्यांचा तो रोजचा नाश्ता आहे, त्यांचे काय? २०१५ साली व्हिएतनाममध्ये झालेल्या आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांच्या पोटात रोज सरासरी ९.४ ग्रॅम मीठ जाते असे आढळले. २०२१ मध्ये हा आकडा ८.१ वर आला. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो आणि वाढलेल्या रक्तदाबाने पक्षाघात ओढवतो. त्या देशातल्या मृत्यूच्या कारणांत पक्षाघाताचे स्थान अगदी वर आहे. तिथल्या आरोग्य खात्याने लोकांना सांगितलेली त्रिसूत्री साधी आहे. शिजवताना मीठ कमी घाला, सॉसमध्ये बुडवताना हात हलका ठेवा, खारट पदार्थ कमी करा. फो सोडा, असे कुणी म्हटलेले नाही आणि म्हटले असते तरी कुणी ऐकले नसते. (भारतीयांनी यावर हसू नये. आपलेही मीठ सरासरी आठ ग्रॅमच्या घरात आहे, आणि लोणचे-पापड आपण सोडलेले नाहीत.)

मग करायचे काय? सूप अर्धे ठेवायचे. मीठ नूडल्समध्ये किंवा पाल्यात फारसे नसते, ते पाण्यात असते. अर्धे सूप वाडग्यात राहिले की दोन ग्रॅमच्या आसपास मीठ वाचले. एका कृतीत एवढे साधणारा दुसरा उपाय नाही. काड्यांनी नूडल्स, मांस, भाजी खावी, चमच्याने अधूनमधून घोटभर सूप घ्यावे, आणि थांबावे. पानात काही टाकू नये या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे जड जाते, हे खरे. तर मग मागतानाच सूप कमी घालायला सांगावे. चव कमी वाटली तर लिंबू पिळावे, ताजी मिरची घालावी. हनोईत टेबलावर लसूण घातलेला व्हिनेगर असतो, तो घ्यावा. आंबट आणि तिखट असले की जीभ मिठाची फारशी आठवण काढत नाही.

वाडगा मोठा होत गेला

फोचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर व्हिएतनाममध्ये, नाम दिन्ह आणि हनोई या भागात झाला. फेरीवाले कावडीच्या एका टोकाला सुपाचे भांडे आणि दुसऱ्या टोकाला नूडल्स घेऊन हिंडत. तेव्हाचा वाडगा लहान असे. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेकडची लाखो माणसे दक्षिणेत आली आणि त्यांच्याबरोबर फो सायगावला पोहोचला. तिथे त्याला हिरव्या पाल्याचे ताट, मुगाचे मोड आणि गोडसर होइसिन सॉस जोडले गेले. युद्धकाळात उत्तरेतल्या सरकारी खानावळींत मांसाशिवाय फो मिळे. त्याला लोक 'वैमानिक नसलेला फो' म्हणत, कारण डोक्यावरून अमेरिकेची वैमानिकरहित विमाने फिरत असत! मांसाची उणीव मग अजिनोमोटोने भरून काढली जाई. ती सवय पुढेही राहिली. अजिनोमोटोची उगीच भीती बाळगण्याचे कारण नाही. त्यातले सोडियम मिठाच्या तुलनेत तिसऱ्या हिश्शाइतके असते. पण मिठाऐवजी नव्हे, तर मिठाच्या जोडीने ते घातले, तर बेरीज वाढते एवढे लक्षात ठेवावे.

१९७५ नंतर निर्वासितांनी फो अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात नेला. अमेरिकेत मांस स्वस्त आणि भूक मोठी. तिथल्या सर्वांत मोठ्या वाडग्याला नावच पडले 'रेल्वेगाडी'. हनोईच्या आजीबाईंचा नाश्ता आणि ही रेल्वेगाडी यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. फो पौष्टिक की अपायकारक, या वादातला निम्मा गोंधळ इथेच आहे. भारतातल्या उपाहारगृहांत मोठा वाडगा आला तर तो दोघांत घ्यावा.

नूडल्सची भीती आणि हाडांचे कौतुक

फोच्या नूडल्स कशा करतात हे सालपापड्या करणाऱ्या गृहिणीला लगेच कळेल. भिजवलेले तांदूळ वाटून केलेले सरसरीत पीठ वाफेवर पातळ पसरायचे, शिजलेली साल सोडवून घ्यायची आणि तिच्या पट्ट्या कापायच्या. म्हणजे हा तांदूळच आहे, त्यात चमत्कार नाही आणि विषही नाही. एका वाडग्यातल्या २०० ग्रॅम शिजलेल्या नूडल्समधून सुमारे २२० कॅलरी आणि ४८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके मिळतात. सव्वा वाटी भाताइतकी, किंवा अडीच फुलक्यांइतकी. चोथा मात्र नगण्य. मधुमेह असणाऱ्याने नूडल्स निम्म्या मागाव्यात आणि मोड, पाला, चिकन आधी खाऊन मग नूडल्सकडे वळावे. या क्रमाने खाल्ले तर रक्तातली साखर कमी उसळते. होइसिन सॉसमध्ये साखर आणि मीठ दोन्ही असतात. तो सुपात ओतण्याऐवजी छोट्या ताटलीत काढून मांसाचा तुकडा टेकवण्यापुरता वापरावा. हनोईत फोबरोबर तळलेल्या पिठाच्या कांड्या सुपात बुडवून खातात. त्या लागतात फार छान, आणि वाडग्याचा हलकेपणा तिथेच संपतो.

हाडांच्या सुपाबद्दलही एक समज दूर करायला हवा. तासन्‌तास उकळल्याने हाडांतले कॅल्शियम सुपात उतरते, म्हणून ते हाडे मोडलेल्यांना आणि वृद्धांना पाजावे, असे व्हिएतनाममध्ये मानतात, तसेच पायाच्या सुपाबद्दल आपल्याकडेही. प्रत्यक्षात उतरणारे कॅल्शियम अगदी थोडे असते, एका कप दुधाशी त्याची तुलना होत नाही. सुपात येणारे जिलेटिन हे प्रथिन खरे, पण अपुरे. फोमधली चांगली प्रथिने वरच्या मांसात असतात. साठ-सत्तर ग्रॅम मांस असले तर पंधरा ते वीस ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि नाश्त्याला ती भरपूर झाली. ज्यांना युरिक ॲसिडचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांच्यासाठी तर मांसाचे घट्ट सूप पौष्टिक नाहीच. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते पाल्याचे ताट. सायगावकडे वाडग्याबरोबर तुळशीच्या जातीचा सुगंधी पाला, लांबट पानांची रानकोथिंबीर, मोड आणि लिंबू एका ताटात येतात. बहुतेक पाहुणे त्यातली दोन पाने शोभेसाठी टाकतात. खरे तर वाडग्यात जे कमी आहे, चोथा आणि क जीवनसत्त्व, ते याच ताटात असते. ते सगळे संपवावे, संकोच न करता आणखी मागावे. गरोदर स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि वृद्धांनी मात्र कच्चे मोड टाळून ते उकळत्या पाण्यातून काढून मागावेत. अर्धवट कच्च्या मांसाचे काप वर घालून देण्याची पद्धत आहे, तेही या मंडळींनी घेऊ नयेत.

व्हिएतनामला जाणाऱ्यांनी तीन शब्द पाठ करावेत. 'फो बो' म्हणजे गोमांसाचा, 'फो गा' म्हणजे कोंबडीचा, आणि 'फो चय' म्हणजे शाकाहारी. 'चय'चा उच्चार चहाच्या जवळ जात असला तरी त्याचा चहाशी संबंध नाही. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात, त्यामुळे शाकाहारी खानावळी गावोगाव असतात. साध्या दुकानात 'मांस घालू नका' एवढे सांगून भागत नाही, कारण सूप हाडांचेच असते. पाटीवर 'चय' लिहिलेल्या ठिकाणीच जावे.

घरी करायचा तर

घरी केलेल्या फोत मीठ आपल्या हातात राहते, हा त्याचा मोठा फायदा. चौघांसाठी दोन लिटर पाण्यात हाडांसकट अर्धा किलो चिकन, किंवा शाकाहारी हवे तर दोन मुळे, दोन गाजरे आणि मूठभर सुकी अळिंबी घालावी. एक मोठा कांदा व बोटभर आले गॅसवर थेट काळपट भाजून, खरवडून त्यात टाकावे. एक चक्रीफूल, बोटभर दालचिनी, दोन लवंगा, एक मसाला वेलची आणि चमचाभर धणे कोरडे भाजून पुरचुंडीत बांधावेत. मंद आचेवर चिकनचे सूप दीड तास, भाज्यांचे पाऊण तास ठेवावे. झाकण अर्धवट असावे आणि खळखळ उकळू देऊ नये, नाहीतर सूप गढूळ होते. गाळून घेतल्यावर साऱ्या सुपाला मिळून एकच सपाट छोटा चमचा मीठ घालावे. चौघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला दीड ग्रॅमही येत नाही. फिश सॉस वापरायचा असेल तर त्या प्रमाणात मीठ आणखी कमी करावे.

नूडल्स वेगळ्या उकडून निथळाव्यात. वर मुगाचे मोड वाफवून घालावेत. तिकडचे मोडही मुगाचेच, फक्त अंधारात लांब वाढवलेले. सुगंधी पाला मिळाला नाही तर सब्जाची पाने चालतात, ती त्याच जातीची. नाहीतर पुदिना आणि कोथिंबीर. शाकाहारी वाडग्यात पनीर किंवा टोफूचे काप घातले म्हणजे प्रथिनांची सोय होते. पाकिटातला झटपट फो आणला असेल तर मसाल्याची पुडी अर्धीच वापरावी. पाकिटावर बहुधा मिठाऐवजी सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणले की मीठ कळते.

उरलेले सूप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी चिकनच्या सुपावर चरबीची साय गोठलेली दिसेल, ती चमच्याने सहज निघते.