तरुणांच्या हाती काम कोण देते?

हुगळीच्या काठावरील गार्डन रीच हा कोलकात्याचा जुना गोदी-कारखान्यांचा भाग. उर्वरित देशाला तो ठाऊक झाला तो दोन घटनांमुळे. 12 फेब्रुवारी 2013 रोजी तेथील हरिमोहन घोष महाविद्यालयात विद्यार्थी संसदेच्या निवडणुकीचे अर्ज भरण्यावरून तृणमूल आणि काँग्रेसच्या समर्थक गटांत हाणामारी झाली आणि बंदोबस्तावरील पोलिस उपनिरीक्षक तापस चौधरी यांचा गोळी लागून मृत्यू झाला. दुसरी घटना 17 मार्च 2024 च्या मध्यरात्रीची. अझहर मोल्ला बागान या दाट वस्तीत बेकायदा उभी राहत असलेली पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली; किमान बारा माणसे गेली. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की मोठी यंत्रे आत शिरेनात. सरकारी पथके कामाला लागण्याआधी आसपासचे तरुण हातांनी विटा उपसत होते. रमजानचे दिवस होते.

पहिल्या घटनेनंतर ‘तो भागच तसला’ हे वाक्य कोलकात्याच्या सुसंस्कृत दिवाणखान्यांत सहज उच्चारले गेले. दुसऱ्या घटनेनंतर ते मागे घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बंदूक घेणारे आणि ढिगारा उपसणारे हे अर्थातच वेगवेगळे तरुण होते. पण वस्ती तीच आणि वयही साधारण तेच. तेव्हा वस्तीचा स्वभाव हे काही उत्तर होऊ शकत नाही.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये 306 जणांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर मोटार चालवायची आणि दिवा पिवळा झाल्यावर थांबायचे की रेटायचे हे ठरवायचे, असा तो खेळ होता. सोबती पाहत असताना किशोरवयीन आणि 18 ते 22 वयाचे तरुण एकटे असतानापेक्षा बराच अधिक धोका पत्करत. चोविशी ओलांडलेल्यांवर हा परिणाम फारसा दिसला नाही. यावरून तरुणांना बेजबाबदार ठरवणे सोपे आहे. मला मात्र त्यात निराळे काही दिसते. वरचा स्लॅब कोणत्याही क्षणी घसरेल हे दिसत असताना ढिगाऱ्याखाली हात घालणे हाही धोकाच, आणि तोही सोबत्यांच्या साक्षीनेच पत्करला जातो. धाडस त्या वयात असतेच. ते कोणत्या कामी लागावे, हे बहुधा त्या वयाबाहेरची माणसे ठरवतात.

2013 च्या प्रकरणात सत्ताधारी पक्षाचा एक बरो अध्यक्ष काही आठवडे फरार राहून पकडला गेला. महाविद्यालयाच्या निवडणुकीत बरो अध्यक्षाचे काय काम, हा प्रश्न बंगालमध्ये कोणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक आहे. विद्यार्थी संसद हाती असली की प्रवेशांवर वजन पडते, उत्सवाचा निधी हाती येतो आणि पुढे मतदानाच्या दिवशी लागणारी फौज तयार मिळते. या पोरांना ‘दादा’ मोटारसायकल देतो, पोलिस ठाण्यातून सोडवून आणतो, नावाने हाक मारतो. ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची असते. शिक्षण संपून जो तरुण कोणाच्याच यादीत नसतो, त्याला एका यादीत जागा मिळते. इमारत बांधणाऱ्याच्या गळ्यात वाळू-विटा मारणारे ‘सिंडिकेट’ही याच यादीवर चालते. म्हणजे बेकायदा इमारतीला वीट पुरवणारे हात आणि तीच वीट उपसणारे हात कधी एकाच गल्लीतले असतात.

ढिगारा उपसणाऱ्यांची मात्र कोठेही यादी नाही. पहाट झाली, पथके आली, मंत्री आले, नुकसानभरपाई जाहीर झाली, बांधकाम व्यावसायिकाला अटक झाली. या मुलांना नागरी संरक्षण दलात घ्यावे, प्रशिक्षण द्यावे, प्रभागाच्या आपत्ती आराखड्यात त्यांची नावे असावीत, असा मुद्दा त्या आठवड्यातील राजकीय गदारोळात माझ्या तरी कानी आला नाही. 1969 पासून आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे. वर्षाला 120 तास सेवा, असा तिचा नियम. ती चांगली आहे, पण महाविद्यालयाच्या पटावर असणाऱ्यांसाठी आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती वृक्षारोपणाच्या छायाचित्रांपुरती उरली आहे.

हिंसेवर राज्यांनी शोधलेला उपाय म्हणजे निवडणूकच नको. मुंबईत 1989 मध्ये ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातील खुल्या निवडणुका संपल्या. 2016 च्या कायद्याने त्या कागदावर परत आणल्या. 2019 मध्ये होतील असे वाटत असतानाच पुढे ढकलल्या गेल्या. बंगालने 2013 मध्ये त्या काही महिने थांबवल्या, 2017 मध्ये अराजकीय विद्यार्थी परिषदेचे नियम केले, आणि त्यानंतर बहुतेक महाविद्यालयांत मतदानच झाले नाही. दादा मात्र गेले नाहीत. निवडून यावे लागत नसल्याने त्यांना हटवण्याचा मार्ग तेवढा बंद झाला. जून 2025 मध्ये दक्षिण कोलकात्यातील विधी महाविद्यालयाच्या आवारात एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाल्याची तक्रार आली. मुख्य आरोपी हा तेथीलच माजी विद्यार्थी, सत्ताधारी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेशी संबंधित आणि पुढे महाविद्यालयातच कंत्राटी नोकरीस लागलेला. जुलैमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, जेथे निर्वाचित विद्यार्थी संसद नाही तेथील संसदेच्या खोल्यांना कुलपे लावण्याचा आदेश दिला.

कुलूप योग्यच होते. त्या खोल्या मतदान घेऊन उघडायच्या की तशाच बंद ठेवायच्या, हे राज्य सरकारने ठरवायचे आहे.