डोळा कोणाला दाखवायचा?

रत्नागिरीच्या गावांत भातकापणी, झोडणी सुरू झाली की डोळ्याला पाते लागणे, तूस जाणे आलेच. डोळा लाल होतो आणि माणूस डॉक्टरांऐवजी औषधाच्या दुकानात जाऊन थेंब मागतो. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली उतरते, बरेही वाटते. पण पात्याबरोबर बुरशी गेली असेल तर ती आतल्या आत फोफावते. डोळ्यात फूल पडल्यावर मग धावाधाव.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणारा प्रत्येक जण डॉक्टर नसतो. ऑप्टोमेट्रिस्टची पदवी चार वर्षांची; नंबर आणि प्राथमिक तपासणी ही त्यांची कामे, आणि ती ते उत्तम करतात. नेत्रतज्ज्ञ मात्र एमबीबीएसनंतर डोळ्यांचे वेगळे शिक्षण घेतलेले. औषधोपचार, शस्त्रक्रिया त्यांच्याकडेच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? आंब्याची पेटी घेतानाही आपण चार प्रश्न विचारतोच की!

मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. तो बहुतेकदा दुखत नाही आणि नुसता नंबर काढून कळतही नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घ्यावी. मधुमेहींनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदाही.

राजापूर-लांज्याहून जिल्हा रुग्णालयात यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. पण डोळा लाल होऊन दुखत असेल किंवा अचानक कमी दिसू लागले, तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नये. त्याच दिवशी निघावे.