जुन्या बॅटरीची परीक्षा

सूर्यप्रकाश फुकट मिळतो. तो रात्रीसाठी साठविणे मात्र स्वस्त नाही. म्हणूनच सौर दिव्यांसाठी जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्या घेण्याकडे ओढा असतो. हा ओढा गैर नाही. गैर आहे ती परीक्षेवाचून केलेली खरेदी.

पूर्ण चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. परंतु तेवढ्यावर विसंबणे म्हणजे नाडी लागते म्हणून माणसाला धडधाकट ठरविणे होय. सहाही कप्प्यांतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने तपासावे. पुन्हा चार्ज करूनही एखादा कप्पा मागेच राहिला तर ती बॅटरी नाकारावी. मग ठरावीक भार जोडून ती किती तास टिकते ते मोजावे. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. तेव्हा जागा हवेशीर हवी आणि जवळपास ठिणगी नको.

नापास झालेल्या बॅटरीचे काय, हा खरा प्रश्न आहे. सेनेगलमधील एका वस्तीत २००७-०८ मध्ये बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याच्या धंद्याने १८ बालकांचा बळी घेतला. भारतात २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु चार पैसे अधिक मिळतात म्हणून ग्राहकच ती परसातल्या भट्टीकडे धाडणार असेल, तर नियम कागदावरच राहतील. दिवा आपल्या घरी आणि विष दुसऱ्याच्या लेकराच्या रक्तात, या व्यवहाराला काटकसर म्हणता येणार नाही.