वाकणे आणि वाकवणे

(द्वितीय वर्ष, कला)

रजेचा अर्ज असो, फी-माफीचा असो वा दाखल्याचा, त्याच्या तळाशी आपण सारे ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहितो आणि खाली सही ठोकतो. पाचवी-सहावीपासून हा शब्द लिहून लिहून त्याची धार पार बोथट झाली आहे. लिहिणाऱ्याला त्यात काही वाटत नाही आणि वाचणाराही तो वाचत नाही. शाळेच्या सुविचार-फळ्यावर विनयाची महती, बक्षीस-समारंभात पाहुण्यांच्या तोंडी विनयाची महती, घरी वडीलधाऱ्यांकडून तीच महती! एवढे ऐकूनही ती आमच्यात का मुरत नाही? ‘हल्लीची पिढीच उद्धट’ असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण मला वाटते, ऐकणाऱ्याच्या कानांत जेवढा दोष आहे, त्याहून अधिक दोष ही शिकवण ज्या दिशेने वाहते त्या दिशेत आहे.

आपल्या समाजात नम्रता नेहमी खालून वर जाते. धाकट्याने थोरल्यापुढे, सुनेने सासूपुढे, गड्याने मालकापुढे, शिपायाने साहेबापुढे वाकायचे. जो आधीच वाकलेला आहे त्यानेच आणखी वाकायचे! ‘पायरीने राहा’ हा आपल्याकडचा जुना उपदेश. पण ज्याला तो केला जातो त्याची पायरी ठरवली कोणी? गावकुसाबाहेरच्या माणसांना शतकानुशतके हाच उपदेश ऐकवला गेला. ती त्यांची नम्रता नव्हती, त्यांच्यावरची सक्ती होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी उचलले, तेव्हा त्यांनी ही सक्तीची नम्रताच झुगारून दिली. म्हणून, ज्या घरात कॉलेजचे पुस्तक पहिल्यांदाच आले अशा घरातल्या माझ्यासारख्याला कोणी नम्रतेचा पाठ देऊ लागला, की मनात पहिला प्रश्न उभा राहतो : हा पाठ कशासाठी? आम्ही आणखी वाकावे म्हणून?

या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर येशू ख्रिस्ताच्या चरित्रात आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात मंदिर, मशीद, विहार आणि चर्च ही सारी थोड्याथोड्या अंतरावर उभी आहेत. पण शेजारी असून आपण एकमेकांच्या अंगणात डोकावत नाही. नाताळात कुणाच्या दारी ताऱ्याचा कंदील लागला, की ‘यांचा सण आहे’ एवढेच आपल्याला समजते. ख्रिस्ताकडून काही शिकायचे तर ख्रिस्ती झालेच पाहिजे असे नाही. महात्मा गांधींनी गिरिप्रवचन मनापासून वाचले आणि ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. उलट ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला ख्रिस्त परका वाटू नये, तो एवढ्यासाठी.

शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाचा प्रसंग आहे. त्या काळी रस्ते धुळीचे आणि पायांत साध्या वहाणा. पाहुणा आला की त्याचे पाय धुण्याचे काम घरातल्या हलक्यातल्या हलक्या चाकराकडे असे. त्या रात्री येशू जेवणावरून उठला, अंगावरचे वरचे वस्त्र त्याने काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी घेतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसले. पेत्र संकोचला. गुरूने शिष्याचे पाय धुवावेत हे त्याला सोसवेना. ख्रिस्ताने त्याला समजावले आणि आपले काम पुरे केले.

हा प्रसंग अनेकांना माहीत असतो. पण त्यापुढे ख्रिस्ताने काय सांगितले तिकडे आपले लक्ष जात नाही. मी तुमचे पाय धुतले, आता तुम्ही माझे धुवा, असे तो म्हणाला नाही. त्याने सांगितले ते असे की, गुरू असून मी हे केले, तेव्हा तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा. नम्रतेची दिशाच या एका वाक्याने फिरली! येथे प्रथम वाकला तो सर्वांत वरचा. दुबळ्यांना ‘वाका’ असे सांगण्यासाठी त्याने नम्रतेचा उपयोग केला नाही. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात हेच सांगितले आहे : जो देवाच्या रूपात होता त्याने स्वतःला रिकामे केले, दासाचे रूप घेतले आणि मरणापर्यंत आज्ञा पाळली. ज्याच्यापाशी काही आहे त्यालाच ते उतरवून ठेवता येते. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला ‘नम्र हो’ म्हणणे ही त्याची थट्टा आहे.

आता आज्ञापालनाचा विचार करू. ख्रिस्त आज्ञाधारक होता म्हणजे तो मुका होता काय? गेथशेमानेच्या बागेत, पकडले जाण्याच्या रात्री, त्याने प्रार्थना केली की शक्य असेल तर हा दुःखाचा प्याला माझ्यापुढून दूर व्हावा. मन मोकळे करून, विनवणी करून, मग त्याने पित्याच्या इच्छेला मान दिला. पुढे प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. तेव्हा ख्रिस्ताने शांतपणे विचारले की मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने उलट हात उगारला नाही. पण प्रश्न विचारल्यावाचूनही तो राहिला नाही. शब्बाथाच्या दिवशी काम निषिद्ध असताना त्याने आजाऱ्यांना बरे केले. देवळातील सराफांचे चौरंग उलथून टाकले. म्हणजे देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने अंमल गाजवणाऱ्यांची आज्ञा या दोहोंतला फरक तो पक्का ओळखून होता.

हा फरक आपल्या महाराष्ट्रात कोणी जगून दाखवला असेल, तर तो पंडिता रमाबाईंनी. १८५८ साली जन्मलेल्या या बाईंचे आईवडील दुष्काळात गेले. देशभर पायी हिंडून पुराणे सांगणाऱ्या या तरुणीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे वाँटेज या गावी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आता ही परदेशात एकटी पडलेली, दुसऱ्यांच्या आश्रयाने राहणारी विधवा निमूटपणे सांगितले ते ऐकेल, असे तेथील धर्माधिकाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही. पण तसे घडले नाही. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा बिशपांचा आग्रह होता. रमाबाईंनी त्याविषयी स्पष्ट वाद घातला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असतात, तर संस्कृत का नसावीत, असे त्यांनी विचारले. सिस्टर जेराल्डिन त्यांना सांगत की अधिकाऱ्यांचे ऐकावे, नम्र व्हावे. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे होते की, मी मोठ्या कष्टाने आपल्याकडच्या पुरोहितांचे जोखड उतरवले आहे; आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची माझी तयारी नाही. देवाची आज्ञा मला मान्य आहे, पण ती काय आहे हे समजण्यासाठी त्याने मला विवेकबुद्धीही दिली आहे. हा सारा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला.

मग रमाबाई उद्धट होत्या काय? त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहावे. १८८९ साली मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. तेथे धर्मांतराच्या आरोपावरून मोठे वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांसारखे साहाय्यकर्तेही दूर झाले. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत पुण्याच्या प्लेग-इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ होई तिच्यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रातून उघड टीका केली. सरकार ख्रिस्ती आणि त्याही ख्रिस्ती. पण म्हणून त्यांनी सरकारला पाठीशी घातले नाही. आणि याच बाईंनी दुष्काळात मध्यप्रांतात स्वतः जाऊन टाकून दिलेल्या, भुकेने सुकलेल्या मुली आणि विधवा गोळा केल्या. केडगावच्या ‘मुक्ति’ मध्ये १९०० च्या दुष्काळानंतर दीड हजारांहून अधिक जीव आसऱ्याला होते. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले ती स्त्री त्यांची जखम धुण्यात, त्यांना अक्षरे शिकवण्यात बुडून गेली.

मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे अखेरचे काम. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून मूळ बायबल मराठीत आणले. संस्कृतचे एवढे पांडित्य असताना त्यांनी भाषा मात्र अशी निवडली, की जेमतेम वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईलाही ती समजावी. आयुष्यभर मिळवलेली विद्या त्यांनी त्या बाईच्या उंचीपर्यंत खाली आणली. १९२१ साली मनोरमा गेली, १९२२ साली स्वतः रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली ते भाषांतर पूर्ण छापून निघाले. बिशपापुढे ताठ आणि निराधार मुलीपुढे ओणवी, अशी ही नम्रता होती. आपल्यापैकी बहुतेकांची नेमकी उलटी असते!

आपल्या खानदेशानेही असा एक माणूस पाहिला आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांचे कपडे धूत, आजारी मुलाजवळ रात्र काढत. एम. ए. झालेला शिक्षक मुलांच्या खोलीत केरसुणी धरतो, हा पाय धुण्याचाच प्रसंग झाला. हेच मृदू गुरुजी १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा ती उतरून घेण्याचे लेखनिकाचे काम त्यांनी आनंदाने केले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण मांडले. प्रत्यक्ष गांधीजींनी उपोषण सोडण्यास सुचवले असतानाही ते ढळले नाहीत, आणि दहाव्या दिवशी यश आले. गांधीजींना देवासमान मानणारा हा माणूस त्या एका वेळी त्यांचेही ऐकू शकला नाही, कारण त्याहून मोठी हाक त्याला ऐकू आली होती.

येथे कोणी म्हणेल, मग प्रत्येकाने विवेकबुद्धीचे नाव सांगावे आणि हवे तसे वागावे काय? परीक्षेत कॉपी करणारा, रांग मोडणारा, वर्गाला दांडी मारणारा, हे सारेच उद्या रमाबाईंचे नाव घेतील! शंका रास्त आहे. पण तिची कसोटीही याच उदाहरणांत सापडते. आज्ञा मोडल्याची किंमत कोणी मोजली? ख्रिस्ताने ती क्रूसावर मोजली, रमाबाईंनी मित्र गमावून मोजली, गुरुजींनी स्वतःला उपाशी ठेवून मोजली. स्वतःच्या सुखासाठी नियम मोडून त्याचा भुर्दंड जो दुसऱ्यावर टाकतो, त्याचा यांच्याशी काही संबंध नाही.

आणि आज्ञापालनाचे खरे मोल आम्हा भुसावळकरांना कोणी वेगळे सांगायला नको. लाल सिग्नल दिसला की ड्रायव्हर गाडी उभी करतो. मागच्या डब्यात केवढाही मोठा साहेब बसलेला असो आणि त्याला कितीही घाई असो, गाडी हलत नाही. ड्रायव्हरचे ते वागणे कोणाला लाचारी वाटत नाही. कारण तो एका माणसापुढे वाकलेला नसतो. मागे झोपलेल्या शेकडो प्रवाशांच्या जिवासाठी तो नियम पाळत असतो. उलट साहेबाच्या धाकाने तो लाल सिग्नल ओलांडून गेला, तर तो साहेबाचा आज्ञाधारक ठरेल आणि शेकडोंचा गुन्हेगार! कोणाची आज्ञा पाळायची हे ज्याला उमगले, त्यालाच आज्ञा पाळणे म्हणजे काय ते उमगले.

मित्रहो, आता शेवटचा आणि अवघड प्रश्न. आम्ही खालचे, आम्हाला वाकायला सांगू नका, असे म्हणण्याचा हक्क आपल्यातल्या पुष्कळांना आहे. पण कॉलेजात पाऊल टाकले त्या दिवशी आपणही कोणाच्या तरी वर चढलो आहोत. ज्या आईला सही करता येत नाही, ज्या बापाला बँकेची स्लिप भरता येत नाही, त्यांच्यापेक्षा आपण उंच झालो. त्यांच्या बोलण्यातली लेवा बोली, अहिराणी मित्रांसमोर ऐकताना आपल्यातल्या कितीजणांचे कान लाल होतात! म्हणजे ज्या पायरीची आपल्याला चीड येते, तीच पायरी आपण आपल्याच घरात बांधू लागलो आहोत. पाय धुण्याची पाळी आता आपली आहे. आईला न रागावता, न हसता अक्षरे शिकवणे, वडिलांचा अर्ज त्यांना समजेल असा वाचून दाखवणे, शेजारच्या पोराला संध्याकाळी तासभर शिकवणे, ही आपली गंगाळे आणि हे आपले रुमाल.

आपल्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. म्हणजे आम्हाला उद्या मिळणाऱ्या पदवीच्या कागदावर असोद्याच्या त्या शेतकरी बाईचे नाव असणार, जिला लिहिता-वाचता येत नव्हते आणि जिची कविता तिच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. तो कागद हातात घेताना मान आपोआप खाली व्हावी. ती कोणाच्या धाकाने नव्हे, तर आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत याच्या आठवणीने. ख्रिस्ताची नम्रता ती हीच, आणि ती शिकण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागणार नाही. आपल्या घराचा उंबरठाच पुरेसा आहे.